बोळ्यावर उतरलेला रंग

"तुम्ही काय करता?" असं शिकागोच्या उपनगरातल्या, शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, की मी "मडकी जोडते" असं सांगायचे. समोरचे काका लगेच "आणि मिस्टर?" असं विचारायचे. मिस्टर इंजिनियर. त्यांच्याबद्दल बोलणं सगळ्यांनाच सोपं जायचं. मी सावंतवाडीची, एम.एस्सी. केमिस्ट्री. ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं मी शिकागोजवळच्या एका छोट्या कार्यशाळेत फुटकी भांडी दुरुस्त करण्यात घालवली. त्यातली कितीतरी भांडी पेरू देशातल्या कबरींतून निघालेली असत. हे एकदा मंडळात मोकळेपणाने सांगून पाहिलं. त्यानंतर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, माझी भाजी कमी खपायला लागली, असा मला अजून संशय आहे.

या अंकाच्या संपादकांनी कामातला एखादा आनंदाचा अनुभव लिहा म्हणून कळवलं आहे. मी जो लिहिणार आहे तो आनंदाचा आहे की कसला, हे मला इतक्या वर्षांनीही कळलेलं नाही. पण डोक्यात बसलाय तो हाच, त्याला काय करणार!

आधी काम काय होतं ते सांगते. पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक मेलेल्या माणसाला गुडघे पोटाशी घेऊन बसवत, कापडात गुंडाळत आणि तसंच वाळूत पुरत. शेजारी रंगवलेली भांडी ठेवत, भांड्यांत खाणं. मका, मिरच्या, घेवडा, आणि चक्क भुईमुगाच्या शेंगा. वाळू कोरडी, त्यामुळे सगळं टिकलं. मग कबरी फोडणारे आले, व्यापारी आले, हौशी मंडळी आली आणि ती भांडी अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत येऊन बसली. तिथे कुणाच्या तरी मांजराने ती पाडली, की ती आमच्याकडे यायची.

आमचे मालक वॉल्टर. साठीचे, उंच, आयुष्य एका संग्रहालयात काढलेले आणि तिथल्या साहेबांशी भांडून बाहेर पडलेले. त्यांचा पहिला नियम असा, की आपण जे करू ते उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे. गोंद विरघळणारा हवा, भरलेलं प्लास्टर निघणारं हवं. दुसरा नियम ॲसिटोनचा. व्यापारी फुटकं भांडं जोडून वरून नवा रंग मारत आणि अख्खं म्हणून विकत. ते पकडायला काडीला कापूस गुंडाळायचा, ॲसिटोनमध्ये बुडवायचा आणि कोपऱ्यात हलकेच फिरवायचा. त्या किनाऱ्यावरच्या जुन्या नास्का लोकांची भांडी बघितलीत तर त्यांचा रंग म्हणजे रंगीत मातीच असते. ती भाजण्याआधी लावून घोटतात आणि मग भट्टीत घालतात. तो रंग भांड्याच्या अंगचाच होतो, ॲसिटोनला दाद देत नाही. कापसाच्या बोळ्यावर रंग उतरला, की समजायचं हा अलीकडचा. "बोळा लाल, चोर सापडला," असं वॉल्टर म्हणायचे.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. एका दातांच्या डॉक्टराने दोन नळ्यांच्या सुरेख सुरईच्या बुडाला ड्रिलने भोक पाडून तिचा टेबलावरचा दिवा केला होता. वायर आत घालताना ती तडकली, तर आम्हालाच विचारतो, "इतकी हलक्या प्रतीची कशी काय?" मी त्याला ती एक हजार वर्षांहून जुनी असल्याचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग गॅरंटी संपली असणार." सुरईवर मिरच्यांची माळ रंगवली होती आणि बल्बच्या उष्णतेने तिच्या आसपास बारीक चिरा गेल्या होत्या. मी ती तीन आठवडे जोडत बसले आणि तो ती परत घेऊन गेला, तेव्हा मला वाईट वाटलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. माझं काम त्यांना पहिल्या आठवड्यातच समजलं आणि त्यांनी फर्मान काढलं. कामावरून आलं की थेट न्हाणीघर, आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

"आपल्याकडे मडकं फोडून टाकतात गं," त्या म्हणाल्या. "हे लोक अख्खं कसं ठेवतात?"

"त्यात जेवण ठेवायचे, आई. शेंगदाणेसुद्धा."

"म्हणजे पान वाढलेलं! आणि ते उचलून आणलं मेल्यांनी?" त्यांनी गॅस बारीक केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "जा, आंघोळ कर आधी."

मी वैतागायचे, पण करायचे. रोज संध्याकाळी सहाला आंघोळ करणारी शॉमबर्गमधली मी एकटीच असेन.

त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिसेस लिंडक्विस्ट आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नाजूक, नीट इस्त्रीचा फ्रॉक. हातात एक खोका, त्यात जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला एक वाडगा. दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा. बाहेरून कोरीव रेघांनी काढलेले पळते कोल्हे, एकामागे एक, आणि रेघांच्या आत रंग भरलेला. रंग जाडसर, थोडा चकचकीत, मध्येमध्ये टवके उडालेले. नवरा आर्थर खाणीचा इंजिनियर. तरुणपणी पेरूत नोकरीला होता, तिथून त्याने हा आणला. कुठून, असं विचारलं की "एका मित्राने दिला" म्हणायचा आणि विषय बदलायचा. चार वर्षांपूर्वी तो वारला.

"मला किंमत नकोय," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "कबरी लुटण्याबद्दल मी पेपरात वाचलं आणि माझी झोप उडाली. हा खरा असेल तर तो कुणाच्या तरी कबरीतून निघालाय. मग मी तो परत पाठवणार. खोटा असेल तर बाजारातली आठवण म्हणून ठेवीन. आर्थर चोर होता का, एवढंच मला सांग."

वॉल्टर त्या दिवशी दुसऱ्या कामात होते. मी काडीला कापूस गुंडाळला, बुडवला आणि एका कोल्ह्याच्या पायावर फिरवला. बोळा विटकरी लाल झाला. दुसरा फिरवला, तोही लाल. वॉल्टरना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बोळ्याकडे पाहिलं, वाडग्याकडे फारसं पाहिलंच नाही, आणि मान डोलावली.

"नवा रंग आहे," मी म्हणाले. "प्रवाशांना विकायला करतात तसला."

बाई रडायला लागल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि "थँक यू, थँक यू" म्हणत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हा भडक रंग काढून टाकता येईल का? खालची माती मला फार आवडते." येईल की, मी म्हटलं. नवा रंग काढणं हे तर आमचं रोजचंच काम. नियमाप्रमाणे वॉल्टरनी एक फोटो काढला, काळा-पांढरा, कारण रंगीत फिल्म खऱ्या वस्तूंसाठी राखून ठेवलेली असे. दुपारभरात मी सगळे कोल्हे पुसले. बोळे कचऱ्यात गेले. पहिला लाल बोळा तेवढा मी टेपने माझ्या वहीत चिकटवला. कॉलेजच्या लॅबपासूनची सवय, दुसरं काही नाही.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं, की आजचं भांडं मेलेल्याचं नव्हतं, बाजारातलं होतं. त्यांनी आंघोळ माफ केली आणि लगेच चहा टाकला. मी फार खुशीत होते. एका म्हाताऱ्या बाईच्या मनावरचं ओझं आपण पाच मिनिटांत उतरवलं, असं मी दोघा-तिघांना फोन करूनसुद्धा सांगितलं.

ऑगस्टमधली एक रविवार दुपार. आईने सावंतवाडीहून पाठवलेली लाकडी फळं आमच्या जेवणाच्या टेबलावर परडीत असत. केळं, आंबा, पेरू, सीताफळ, आमच्या गावची प्रसिद्ध खेळणी. माझी आठ वर्षांची मृणाल नखांचा रंग काढत टेबलाशी बसली होती. थोडा रंग केळ्याला लागला म्हणून तिने तोच बोळा केळ्यावर फिरवला.

"आई, लुक! द यलो इज कमिंग ऑफ!" ती ओरडली. "इज इट अ फेक बनाना?"

सासूबाई हसल्या. "अगं, लाकडाचंच केळं ते, खरं कसं असेल?"

मी मात्र त्या बोळ्याकडे बघत राहिले. नखांचा रंग काढायच्या बाटलीत ॲसिटोनच असतो. ते केळं खोटं नव्हतं. ते अस्सल सावंतवाडीचं होतं. आमच्या चितारआळीत लाकूड फिरवत त्यावर लाखेची कांडी दाबून रंग चढवताना मी लहानपणी तासन्तास पाहिलेलं होतं. लाख म्हणजे झाडावर किड्यांनी केलेली राळच, आणि ती स्पिरिटने उतरते हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वस्तू अस्सल असून तिचा रंग बोळ्यावर उतरू शकतो, हे वॉल्टरना माहीत नसेल, पण मला माहीत असायला हवं होतं. मला ते आठवलंच नाही. परदेशातली वस्तू समोर आली आणि मी गावचं सगळं ज्ञान बाहेर पायपुसण्यावर ठेवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी वॉल्टरना विचारलं. त्यांनी फाइलमधून वाडग्याचा फोटो काढून पाहिला. मग त्यांनी विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंना फोन लावला. त्या बाई आल्या, फोटो पाहिला, वहीतला बोळा सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. नास्कांच्या आधी त्याच किनाऱ्यावर पाराकास नावाचे लोक होते. ते आधी रेघा कोरत, भांडं भाजत, आणि मग झाडाच्या राळेत रंग कालवून रेघांच्या आत भरत. भाजल्यानंतर. त्यामुळे तो रंग नाजूक, टवके उडणारा. बोळ्यावर राळ होती आणि खनिज होतं, आजचं काहीही नव्हतं.

"वाडगा दोन हजार वर्षांहून जुना असणार," त्या म्हणाल्या. "बाकीचा रंग कुठे आहे?"

"पुसला," मी म्हणाले.

वॉल्टर म्हणाले, "चूक माझी. मी वाडगा बघितलाच नाही." ते खरंही होतं, पण हात माझे होते. त्या रात्री मी जेवले नाही. तरी मिसेस लिंडक्विस्टना फोन करायला मी तीन आठवडे लावले. एकदा डायल करून ठेवून दिला, एकदा त्यांचा आवाज ऐकून ठेवून दिला. शेवटी गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेले.

बाई मला बघून इतक्या खूश झाल्या, की मला बोलायला जागाच मिळेना. हात धरून मागच्या अंगणात घेऊन गेल्या. सफरचंदाच्या झाडाखाली ताजी माती, भोवती झेंडूची रोपं.

"तुझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "चार वर्षं आर्थरच्या अस्थी दहनगृहाच्या खोक्यात कपाटात होत्या. कुठे ठेवाव्यात सुचत नव्हतं. तू वाडगा स्वच्छ करून दिलास आणि मला सुचलं. अस्थी त्यात ठेवल्या, वर बशी झाकली आणि दोघांना इथे पुरलं. मी रोज सकाळी कॉफी घेऊन इथे बसते."

मी झेंडूचं कौतुक केलं. कॉफी प्यायले. दालचिनीचा केक खाल्ला. आणि काहीही न बोलता परत आले. येताना हायवेवर माझी एक्झिट चुकली, आणि पुढचीही चुकली.

आता काय करायचं? सांगितलं तर त्या बाईने नवऱ्याला उकरायचं. न सांगावं, तर दुसऱ्या कुणाचं तरी पान चोरलेलंच राहणार, आणि खरा असेल तर परत पाठवीन हा त्या बाईचा शब्द तिच्या नकळत मी मोडलेला राहणार. एकदा वाटे, वाडगा कबरीतून निघाला आणि कबरीतच गेला, बिघडलं कुठे? लगेच वाटे, कबर कुणाची यालाच तर सगळा अर्थ आहे. हे म्हणाले, "यार, सोडून दे आता. बाई सुखात आहेत ना?" त्यांचंही पटलं. मला त्या दिवसांत सगळ्यांचंच पटत होतं.

सासूबाईंना सांगितलं नव्हतं, पण मी आंघोळीला तासभर लावते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एके दिवशी त्यांनी न्हाणीघराच्या दारातच मला अडवलं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"तुला वाटतं ती विचारायला आली होती भांड्याबद्दल?" त्या म्हणाल्या. "ती नवऱ्याबद्दल विचारायला आली होती. तिला तू खोटं सांगितलंस. चुकून सांगितलंस, पण आता चुकून राहिलं नाही ते. जाऊन सांग, नाहीतर रोज अंगावर पाणी ओतून काय उपयोग?"

शनिवारी सकाळी गेले. झाडाखालीच सांगितलं, उभ्या उभ्या, पाठ केल्यासारखं. केळ्याचंसुद्धा सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. कॉफीचा कप त्यांनी गवतावर ठेवला.

"म्हणजे त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"ते मला नाही सांगता येणार. खरंच एखाद्या मित्राने दिला असेल."

"आता तरी मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस." त्या पहिल्यांदाच चिडून बोलल्या. मग विचारलं, "त्यात काय ठेवलेलं असेल?"

"खाणं. बहुतेक शेंगदाणे, मका."

"आणि आर्थरने ते ओतून दिलं." त्या उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि दोन खुरपी घेऊन आल्या. एक माझ्या हातात दिलं.

आम्ही दोघींनी झेंडूची रोपं बाजूला काढली आणि उकरायला सुरुवात केली. हातभर खाली बशी लागली. मी आयुष्यात कधी अस्थींना हात लावला नव्हता. बाईंनी स्वयंपाकघरातून कॉफीचा रिकामा डबा आणला, धुऊन पुसून. मी वाडगा धरला, त्यांनी चमच्याने आर्थरला डब्यात भरलं. कडेला चिकटलेलं त्या बोटाने काढत होत्या आणि पुटपुटत होत्या, "सॉरी, डियर, सॉरी." ते नवऱ्याला होतं, की ज्याचा वाडगा त्याला, मी विचारलं नाही. डबा पुन्हा खड्ड्यात ठेवला, माती लोटली, झेंडू लावले. त्या दिवशी मी घरी जाऊन कुणी न सांगता आंघोळ केली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी वाडगा घेऊन शिकागोत पेरूच्या वकिलातीत गेलो. वाडगा त्याच जुन्या स्वेटरमध्ये, बाईंच्या मांडीवर. तिथे एक तरुण मुलगी होती, बोलायला फार गोड. तिने फॉर्म काढला आणि एकेक रकाना विचारायला लागली. आकार, वस्तू कशाची, चित्र कशाचं, कुठे मिळाली.

"कबरीत," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"शेवटची माझ्या नवऱ्याच्या."

मुलीचं पेन थांबलं. मी मध्ये पडून सगळी हकिकत सांगितली, अगदी माझ्या नावासकट, आणि रंग कुणी काढला हेही. ती रागावली असती तरी चाललं असतं. ती रागावली नाही, नुसतं लिहीत राहिली. पुढचा रकाना रंगांचा होता.

"फोटो काळा-पांढराच आहे ना?" तिने फोटो आमच्यासमोर सरकवला. "तुम्ही दोघींनी पाहिलाय रंग. सांगा."

"पाय लाल," मी ताबडतोब म्हणाले. लाल तर वहीतच होता. "अंग पिवळं. मोहरीसारखं. आणि हिरवा होता. कानात."

"शेपटीत," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या.

"कानात, मला वाटतं. पुसताना मी..."

"पन्नास वर्षं माझ्या कपाटावर होता तो. शेपटीत होता हिरवा." मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "पण कपाट उंच होतं. मी नीट कधी पाहिला, कुणास ठाऊक."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. एकेक कोल्हा मी डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरून पुसला होता, भिंगाखाली, अख्खी दुपार. कितीतरी शतकांत त्या रंगांकडे इतक्या जवळून बघायची वेळ माझ्यावरच आली होती, आणि यापुढे कुणावरच येणार नव्हती. मी डोळे मिटले. नुसता कापूस दिसला, एकामागून एक रंगत जाणारा. कोल्हा एकही दिसला नाही.

"मला आठवत नाही," मी म्हणाले, आणि तिने ते तसंच लिहून घेतलं.